कोल्हापुरातल्या उद्योग परिषदेला येताना: वक्ते, पाहुणे आणि यजमान यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), साखर, कापड, चांदी, दूध अशा कुठल्याही उद्योगाची परिषद कोल्हापुरात ठरली की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. परदेशातून वक्ता येणार असला तर प्रश्न दुपटीनं वाढतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. आधी येण्याजाण्याचे, मग वक्त्याविषयीचे, शेवटी अडचणीचे.

१. पत्रिकेवर नुसतं 'कोल्हापूर' लिहिलंय. उतरायचं नेमकं कुठे?

आधी सभागृह शहराच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारा. शिरोली एमआयडीसी उत्तरेला, पंचगंगेच्या पलीकडे. गोकुळ शिरगाव एमआयडीसी दक्षिणेला, विमानतळाच्या शेजारी. त्याच महामार्गानं पुढं गेलं की शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर कागल, आणि तिथली पंचतारांकित वसाहत आणखी आत. शाहू स्मारक भवन भर शहरात, दसरा चौकात. शिवाजी विद्यापीठ शहराच्या आग्नेय बाजूला. रिक्षात बसून 'एमआयडीसी' म्हणालात तर पहिला प्रश्न 'कुठली?' हाच येणार. केशवराव भोसले नाट्यगृहाचा जुना पत्ता कुणी दिला तर फोन करून खात्री करा, कारण ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळालं होतं.

२. मुंबई-पुण्याहून रेल्वे बरी की रस्ता?

एकटे येत असाल तर रेल्वे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी कोल्हापुरात पोचते, त्यामुळं हॉटेलची एक रात्र वाचते. कोयना एक्सप्रेस दिवसाची आहे, पण तिच्यात सगळा दिवस जातो. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. ती रोज धावत नाही, म्हणून वार बघूनच बेत करा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि महालक्ष्मीच्या एसी डब्यांसाठी पहिल्याच आठवड्यात तिकीट काढलेलं चांगलं.

परदेशी पाहुण्याला तिकीट पाठवताना एक गोष्ट ठळक लिहा. मुंबईचं स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि कोल्हापूरचं श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. इंग्रजी आद्याक्षरांत दोन्ही सारखीच दिसतात. कोल्हापूरचा आरक्षणाचा कोड 'केओपी' आहे, तोही सोबत कळवा.

थेट गाडी मिळाली नाही तर मिरज जंक्शन बघा. तिथं लांब पल्ल्याच्या कितीतरी जास्त गाड्या थांबतात, आणि तिथून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर.

पुण्याहून रस्त्यानं सुमारे २३० किलोमीटर होतात. सातारा ते कागल रुंदीकरणाच्या कामामुळं जागोजागी वळसे असतात, म्हणून चार तासांचा हिशेब धरू नका. पाच-सहा तास हाताशी ठेवा. खासगी बस पुष्कळदा महामार्गावर तावडे हॉटेलपाशीच सोडते. तिथून शहरात यायला रिक्षा करावी लागते, आणि पहाटे चारला परदेशी पाहुणा तिथं एकटा उतरणं बरं नव्हे. गाडी पाठवा.

३. कोल्हापूरला विमानानं थेट येता येतं का?

देशातल्या काही शहरांतून येता येतं. विमानतळ उजळाईवाडीला आहे, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. आंतरराष्ट्रीय उड्डाणं इथं येत नाहीत. मार्ग आणि वेळा हंगामाप्रमाणं बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. विमानं लहान असतात. पावसात किंवा धुक्यात दिसेनासं झालं की फेरी रद्द होते, आणि पुढची फेरी लगेच नसते. बेळगाव आणि पुणे हे विमानतळ पर्याय म्हणून डोक्यात असू द्या.

४. परदेशी वक्त्यानं किती आधी पोचावं?

भाषण सकाळी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत माणूस कोल्हापुरात हवा. कारण साधं आहे. पाहुणा ज्या पहिल्या भारतीय विमानतळावर उतरतो तिथंच त्याला इमिग्रेशन आणि कस्टम उरकावं लागतं, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, आणि पुष्कळदा टर्मिनलही बदलावं लागतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. दोन विमानांत किमान पाच तास ठेवा. रात्री उशिरा मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्याला तिथंच झोपू द्या. रात्रभर गाडीतून आणून सकाळी व्यासपीठावर उभं केलं तर ऐकायला मिळतो तो थकलेला माणूस, आणि तुमचा सगळा खर्च वाया जातो.

५. जुलै-ऑगस्टमध्ये परिषद ठेवली तर चालेल?

शक्यतो नको. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. शहर एकीकडे आणि शिरोलीचं सभागृह दुसरीकडे, अशी अवस्था होते. कोकणाकडचे रस्ते, म्हणजे गगनबावडा आणि रत्नागिरी मार्ग, त्याच्याही आधी बंद पडतात.

तारीख बदलता येत नसेल तर सभागृह आणि मुक्काम नदीच्या एकाच बाजूला घ्या. परिषदेच्या चार दिवस आधीपासून पातळी रोज बघा, आणि ती इशाऱ्याकडं सरकू लागली की बाहेरगावच्यांना निर्णय लगेच कळवा. निघालेल्या माणसाला कराडजवळ अडकवून ठेवण्यापेक्षा कार्यक्रम पुढं ढकलणं केव्हाही चांगलं.

६. खोल्या कधी मिळत नाहीत?

शारदीय नवरात्र, दिवाळीची सुटी, सलग सुट्या आणि जोतिबाची चैत्र यात्रा. या दिवसांत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी शहर भरून जातं. पूर्वी आठवड्याच्या मधल्या वारी खोली सहज मिळायची. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय, त्यामुळं कामाच्या दिवशीही आधी विचारलेलं बरं. देवळाच्या परिसरात उतरलात तर गाडी दारापर्यंत येईलच असं नाही. परिषदेसाठी ताराराणी चौक, स्टेशन रोड किंवा महामार्गाच्या अंगाची हॉटेलं सोयीची.

७. 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे वक्ते' असं छापायचंय. त्यांची पार्श्वभूमी तपासायची कशी?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण प्रवासातली चूक गाडी पाठवून निस्तरता येते, वक्ता चुकीचा निवडला तर दिवस गेला.

पहिली फोड 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाची. दहा देशांत भाषणं देणं वेगळं आणि दोन देशांत कारखाना किंवा कंपनी चालवणं वेगळं. दोन्ही गोष्टींना किंमत आहे, पण आपल्याला काय हवंय ते ठरवा. वक्त्यालाच लेखी विचारा: कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत?

मग पडताळा. ब्रिटनमधल्या कंपनीचे संचालक 'कंपनीज हाउस'च्या नोंदीत फुकट बघता येतात. अमेरिकेतली कंपनी शेअर बाजारात असेल तर तिची कागदपत्रं तिथल्या नियामकाच्या 'एडगर' या साठ्यात असतात. भारतातली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. 'संस्थापक' म्हणवणाऱ्याचं नाव तिथं दिसत नसेल तर खुलासा मागायला संकोचू नका.

काही बिरुदं नीट वाचावी लागतात. 'टेडएक्स'चे कार्यक्रम स्थानिक मंडळी परवाना घेऊन स्वतंत्रपणे भरवतात. मूळ 'टेड' परिषद ती नव्हे. 'सीएसपी' म्हणजे सर्टिफाइड स्पीकिंग प्रोफेशनल, हे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या नॅशनल स्पीकर्स असोसिएशनचं प्रमाणपत्र. भाषणाचा व्यवसाय सातत्यानं केल्याची ती खूण आहे. त्या माणसाला तुमच्या विषयातलं किती कळतं हे त्यावरून कळत नाही. 'बेस्टसेलर' म्हटलं तर कुठल्या यादीत आणि कुठल्या आठवड्यात ते विचारा, कारण ऑनलाइन दुकानाच्या एखाद्या बारीक विभागात पुस्तक एका दिवसापुरतंही पहिलं येऊ शकतं. 'डॉक्टर' लावलं असेल तर प्रबंध लिहून मिळवलेली पदवी आहे की मानद, तेही.

कापून जोडलेली चमकदार चित्रफीत पुरेशी नाही. सलग वीस मिनिटांचं भाषण मागवा आणि त्यातली प्रश्नोत्तरं आवर्जून बघा. आधीच्या दोन आयोजकांना फोन करून एवढंच विचारा: वेळ पाळली का, आणि भाषणानंतर लोकांत थांबले का?

कोल्हापूरपुरतं आणखी एक. इथल्या सभागृहात पुढच्या रांगेत बसलेला माणूस बहुतेक वेळा स्वतः भट्टीजवळ उभा राहिलेला असतो. एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, आणि आपल्या कारखान्याचा आकडा त्याला तोंडपाठ असतो. वक्ता ऊर्जाबचतीवर बोलणार असेल तर 'युनिट किती कमी झाले, रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं प्रमाण, किती टक्क्यांवरून कितीवर आलं' हे विचारलं जाणारच. हे वक्त्याला आधी सांगा. जो तयारीनिशी येतो त्याला इथले लोक डोक्यावर घेतात.

८. परिचय केवढा असावा?

दीड मिनिट, म्हणजे सुमारे १५० शब्द. पदव्यांची माळ नको. या विषयावर या माणसानं का बोलावं, एवढं त्यातून कळलं की झालं. नावाचा उच्चार वक्त्याच्याच आवाजात मागवून घ्या आणि निवेदकाला देवनागरीत लिहून द्या. चिनी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं. फलकावर छापण्यापूर्वी ते तपासा.

९. भाषण इंग्रजीत आहे आणि ऐकणारे मराठीत विचार करणारे. दुभाषी कसा ठेवायचा?

दोन प्रकार आहेत. वक्ता चार वाक्यं बोलून थांबतो आणि दुभाषी ती मराठीत सांगतो, हा स्वस्त प्रकार. पण यात वेळ दुप्पट लागतो, म्हणजे ४५ मिनिटांच्या सत्रात वक्त्याचा मजकूर २२ मिनिटांचाच बसतो. हे वक्त्याला महिनाभर आधी माहीत हवं. दुसरा प्रकार म्हणजे काचेच्या खोलीतून हेडफोनवर एकाच वेळी भाषांतर. त्याला दोन दुभाषी लागतात, कारण वीस-तीस मिनिटांपलीकडं एकाचं डोकं चालत नाही.

स्लाइड्स आठवडाभर आधी दुभाष्याकडं पोचवा, सोबत शब्दसूची द्या. कोअर, मोल्ड, रायझर, रनर हे शब्द तसेच राहू द्या. त्यांची शुद्ध मराठी रूपं ऐकून फौंड्रीवाल्यालाच कळेनासं होतं. बीड, वाळू, भट्टी हे आपले शब्द मात्र वापरा.

१०. परदेशी वक्त्याला व्हिसा कोणता लागतो?

टुरिस्ट व्हिसा या कामासाठी नाही. परिषदेसाठी कॉन्फरन्स व्हिसा, आणि धंद्याच्या बैठका किंवा व्यापारी प्रदर्शनासाठी बिझनेस व्हिसा, असे वेगळे प्रकार आहेत. दोन्ही ई-व्हिसात मिळतात. कॉन्फरन्स व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं आणि कार्यक्रमाला गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरीही मागितली जाते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून कागद तीन महिने आधी हलवा. आपल्या कार्यक्रमाला कुठला प्रकार लागू होतो ते भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घेणं सगळ्यात सुरक्षित.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं भरमसाट पैसे घेतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ई-अरायव्हल कार्डही आलंय. ते पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं.

अपवाद: ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल तर व्हिसा लागत नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांनाही नाही. पाकिस्तानी पासपोर्ट किंवा मूळ असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही, त्यांना दूतावासातूनच व्हिसा घ्यावा लागतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून कुणी येत असेल तर लसीचं प्रमाणपत्र हवं, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं.

११. पाहुण्यानं काय आणू नये?

उपग्रह फोन. डोंगर चढणारे लोक गार्मिन इनरीचसारखं संदेशयंत्र सहज खिशात ठेवतात. भारतात ते परवान्याशिवाय चालत नाही, आणि विमानतळावर चौकशीला बसावं लागतं. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. ड्रोनही घरीच ठेवावा.

१२. वक्ता हॉटेलात न उतरता आमच्या घरी राहिला तर?

आनंदानं ठेवा, पण परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते. याला सगळे 'सी-फॉर्म' म्हणतात. हॉटेल ते स्वतः भरतं, घरी ठेवलं तर ती जबाबदारी यजमानाची. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

१३. मानधन परस्पर त्यांच्या खात्यात पाठवलं तर चालतं का?

सीएला विचारल्याशिवाय नको. अनिवासी व्यक्तीला पैसे पाठवताना टीडीएसचा प्रश्न येतो, आणि सेवा परदेशातून घेतली म्हणून जीएसटीचा रिव्हर्स चार्जही, म्हणजे सेवा घेणाऱ्यानंच भरायचा कर, येऊ शकतो. दुहेरी करआकारणीच्या कराराची सवलत हवी असेल तर वक्त्याच्या देशाचं कर-रहिवास प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला आठवडे लागतात, म्हणून निमंत्रणाबरोबरच मागा. ठरलेली रक्कम करकपातीच्या आधीची की हातात पडणारी, हे पत्रातच लिहा. सगळ्यात जास्त नाराजी याच एका मुद्द्यावरून होते.

१४. लॅपटॉप, प्लग, प्रोजेक्टर याचं काय?

भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. गोल पिनांचे प्लग लागतात. सभागृहात दोन अडॅप्टर आणि एचडीएमआय व यूएसबी-सी अशा दोन्ही वायरी असू द्या. वीज गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बंद पडलेला दिव्याचा प्रोजेक्टर थंड होऊन पुन्हा पेटायला मिनिटं घेतो. म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर घ्या. भारतीय नंबर नसला की हॉटेलच्या वायफायचा ओटीपी पाहुण्याला मिळत नाही. यजमानानं आपल्या नंबरवर घेऊन द्यावा.

१५. पाहुण्यांना तिखट सोसेल का? पांढरा रस्सा शाकाहारी असतो का?

नाही! ही गफलत दर वेळी होते. पांढरा रस्सा रंगानं सौम्य, चवीनंही सौम्य, पण तो मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस घालून केलेला असतो. शाकाहारी पाहुण्याच्या ताटात तो जाता कामा नये, आणि काजू-तिळाची ॲलर्जी असलेल्या मांसाहारी पाहुण्याच्या ताटातही नाही. बुफेत वाटीपुढं ठळक पाटी लावा. तिखट न सोसणाऱ्या मांसाहारी पाहुण्यानं आधी पांढरा घ्यावा, तांबडा चमचाभर चाखावा. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागता येतो. इथं ती पावाऐवजी स्लाइस ब्रेडबरोबर मिळते, आणि दही सोबत घेतलं की पहिल्यांदा खाणाराही निभावून नेतो. भाषणाच्या दिवशी सकाळी मात्र वक्त्याला मिसळ खाऊ घालू नका. ती संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी.

१६. दोन सत्रांच्या मध्ये अंबाबाईचं दर्शन होईल का?

दुपारच्या सुटीत नाही. पहाटे जा, तेव्हा रांग कमी असते आणि गाडीही जवळ जाते. किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडण्याचा सोहळा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. त्या संध्याकाळी गर्दी वाढते. अंगभर कपडे घाला, गाभाऱ्याचे फोटो काढू नका. पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर आहे. त्याला अर्धा दिवस मोकळा हवा, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी ठेवा.

१७. कारखाना बघायला जायचंय. काय तयारी लागते?

आधी वार विचारा. स्टॅगरिंगमुळं, म्हणजे विजेचा भार विभागण्यासाठी वेगवेगळ्या वारी सुटी देण्याच्या पद्धतीमुळं, वसाहतीची साप्ताहिक सुटी रविवारीच असेल असं नाही. ओतकाम कुठल्या वेळी चालतं तेही विचारा, नाहीतर थंड भट्टी बघून परत यावं लागतं. सुती कपडे आणि बंद कातडी बूट घाला. नायलॉन ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं, आणि जाळीच्या स्पोर्ट्स शूजमधून वितळलेला थेंब थेट आत जातो. हृदयात पेसमेकर असलेल्यानं इंडक्शन भट्टीजवळ अजिबात जाऊ नये, तिचं चुंबकीय क्षेत्र जोरदार असतं. हे निमंत्रणपत्रातच विचारून ठेवा. ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगायला माणूस लाजतो.

१८. भेट काय द्यावी?

फेटा बांधा, त्यानं पाहुणा खुलतो. नारळ व्यासपीठावर दिला तरी बॅगेत घालायला लावू नका. सुकं खोबरं विमानात चालत नाही, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं कस्टम शेतमालाबाबत फार कडक आहे. गूळ दिलात तर मूळ वेष्टनातला द्या आणि तिकडं जाहीर करायला सांगा. कांदा-लसूण मसाल्यात खसखस असेल तर दुबई किंवा सिंगापूरच्या पाहुण्याला तो देऊ नका, तिथं खसखशीवर बंदी आहे.

कोल्हापुरी चप्पल उत्तम. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. माप अंदाजानं घेऊ नका. पाहुण्याला कागदावर पाऊल ठेवून कडा गिरवून फोटो पाठवायला सांगा, शेजारी पट्टी ठेवून. पहिले काही दिवस पट्टा चावतो. कातड्याला रात्री थोडं तेल लावलं की ते मऊ पडतं. पाण्यात भिजवायची मात्र नाही, हे चिठ्ठीवर लिहून चपलेच्या जोडीत ठेवा.

१९. सगळं ठरलं आणि वक्ता ऐनवेळी अडकला तर?

पहिला नियम प्रश्न ४ मध्ये आहे, तो पाळला तर ही वेळ क्वचित येते. तरी दोन गोष्टी आधीच करा. त्याच विषयावरचा एक स्थानिक जाणकार पॅनेलवर ठेवा. त्याला अर्धा तास वाढवून मिळाला तर तो सभा सांभाळतो. आणि वक्त्याकडून भाषणाचं चित्रमुद्रण निमंत्रणाच्या वेळीच मागून घ्या. थेट व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवायचा तर सभागृहातली वायर असलेली जोडणी हवी. वायफायवर दोनशे लोकांचे मोबाइल आले की आवाज तुटू लागतो. वेळेतला फरकही बघा: आपल्याकडं सकाळचे दहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा, तिकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणं. मुद्रण पेनड्राइव्हवर घेऊन आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर, त्याच स्पीकरवर शेवटपर्यंत चालवून बघा.